सूचनावहीतली सही

एका नगरपरिषदेच्या प्राथमिक शाळेत एकदा एक मुख्याध्यापक बदलून आले आणि त्यांच्याबरोबर एक जाडजूड सूचनावही आली. माणूस सज्जन, निर्व्यसनी आणि शिस्तीचा भोक्ता. वरून आलेले प्रत्येक पत्र ते स्वतः वाचत, सुवाच्य अक्षरात वहीत उतरवत आणि शिपायाच्या हाती ती वही वर्गावर्गातून फिरवत. नऊ शिक्षकांच्या नऊ सह्या झाल्या की वही परत कपाटात जाई. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा ती चाळून मान डोलावली होती. तेव्हापासून मुख्याध्यापकांच्या मनात त्या वहीविषयी जो अभिमान उत्पन्न झाला, तो वहीबरोबरच जाड होत गेला.

त्या शाळेत नलवडे बाई तिसरीला शिकवत. त्यांच्या वर्गात कानाने मुळीच ऐकू न येणारी एक मुलगी होती. बाईंनी तिच्यासाठी हाताच्या खुणा स्वतःच जुळवल्या होत्या, ओठांच्या हालचाली आरशात पाहून बसवल्या होत्या. चुकतमाकत, पण चिकाटीने त्या तिला शिकवत. अशा मुलांना कसे शिकवावे हे एकदा रीतसर शिकायला मिळावे, ही त्यांची जुनी इच्छा होती आणि ती शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होती.

एके गुरुवारी अकरा सूचना आल्या. मतदारयाद्या, शौचालयांची स्वच्छता, वृक्षारोपणाचे फोटो, असे बरेच काही. नववी सूचना पुण्याच्या एका संस्थेची होती. कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाचा वर्षभराचा अभ्यासक्रम, पगार चालू, वयाची अट पंचेचाळीस, अर्ज मंगळवारपर्यंत. वही तिसरीच्या दारात आली तेव्हा बाई एकीकडे गुणाकार घेत होत्या आणि दुसरीकडे एका मुलाच्या नाकातून आलेले रक्त पुसत होत्या. शिपाई म्हणाला, "बाई, इथं एक सही." बाईंनी खडूच्या हाताने सही केली.

तीन आठवड्यांनी शिक्षण परिषदेत दुसऱ्या शाळेच्या एका बाईंनी त्यांना सहज विचारले, "अर्ज केलात ना हो तुम्ही? मला तर पत्र वाचल्यावर पहिल्यांदा तुमचंच नाव आठवलं." नलवडे बाईंनी ते पत्र वाचलेच नव्हते. येत्या श्रावणात त्यांना सेहेचाळिसावे लागणार होते.

दुसऱ्या दिवशी त्या मुख्याध्यापकांसमोर उभ्या राहिल्या.

"सर, ते पत्र आपल्याकडे आलं नव्हतं का?"

मुख्याध्यापकांनी कपाट उघडले, वही काढली, पान शोधले आणि वही त्यांच्याकडे फिरवून एका जागी बोट ठेवले.

"ही सही आपलीच ना, बाई?"

बाईंनी पाहिले. "माझीच आहे," एवढे म्हणून त्या वर्गावर गेल्या.

त्यानंतर त्यांनी तक्रार केली नाही, आवाज चढवला नाही. फक्त आठवड्याने गावातल्याच दुसऱ्या शाळेत बदली मिळावी असा अर्ज टेबलावर ठेवला. मुख्याध्यापक खोलीत शिरले की शिक्षकांच्या गप्पा थांबू लागल्या. आपले काहीएक चुकलेले नाही याची त्यांना खात्री होती. पण खात्री असूनही अन्न गोड लागेना, तेव्हा ते आपल्या गुरुजींकडे गेले. गुरुजी म्हणजे ज्यांनी त्यांना चौथीत शिकवले ते. आता ऐंशीच्या पुढे गेलेले, त्याच गावात चार घरे सोडून पलीकडच्या आळीत राहणारे. आई गेल्यापासून मुख्याध्यापकांचे मन मोकळे करण्याचे ठिकाण तेवढेच होते.

गुरुजींनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "वहीत सही होती?"

"होती, गुरुजी. स्पष्ट होती."

"मग मिटलं तर," गुरुजी म्हणाले आणि सुपारी कातरू लागले. मुख्याध्यापक समाधानाने घरी आले. ते समाधान जेमतेम पंधरा दिवस टिकले.

गुरुजींच्या नातीचे लग्न ठरले होते. त्या गावची रीत अशी की पत्रिका कितीही गुळगुळीत कागदावर छापा, घरी येऊन कुणी हातावर अक्षत ठेवल्याशिवाय मानाचा माणूस लग्नाला जात नाही. गुरुजी पायांनी अधू झाले होते, तरी काठी टेकत, मुलाला बरोबर घेऊन ते स्वतः अक्षत द्यायला निघाले. एका सकाळी ते मुख्याध्यापकांच्या गल्लीत आले. मुख्याध्यापकांच्या पत्नीने लगबगीने सतरंजी अंथरली, तांब्याभांडे ठेवले आणि ती दारात उभी राहिली. गुरुजी शेजारच्यांकडे बसले. समोरच्या किराणा दुकानदाराकडे बसले, तिथे चहासुद्धा घेतला. मग मुख्याध्यापकांच्या फाटकापाशी आले, क्षणभर थबकले आणि मान खाली घालून पुढे गेले.

संध्याकाळी मुख्याध्यापक शाळेतून आले तो सतरंजी तशीच अंथरलेली. पत्नी म्हणाली, "आपलं काही चुकलं का हो? परक्यांना अक्षत, आणि ज्याला लेकासारखं मानलं त्याच्या दारावरून पुढे!"

मुख्याध्यापकांना त्या रात्री जेवण गेले नाही. सेवानिवृत्तीला आठ वर्षे उरलेला तो गृहस्थ एखाद्या चौथीतल्या मुलासारखा रुसला होता. लग्न दोन दिवसांवर आले तरी निरोप नाही. तेव्हा मानापमान गुंडाळून ते गुरुजींच्या दारी गेले. मांडवाचे खांब रोवले जात होते. गुरुजी ओसरीवर बसले होते.

"गुरुजी, मला आपण बोलावलं नाहीत."

"बोलावलं की," गुरुजी शांतपणे म्हणाले. त्यांनी उशाच्या पंचांगातून टपालाची एक पोचपावती काढली आणि त्यांच्यापुढे धरून खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. "ही सही तुझीच ना?"

सही त्यांचीच होती. चार दिवसांपूर्वी शाळेत पोस्टमन आला होता. संगणकावर पटसंख्या भरण्याची घाई चाललेली, बाजूला पत्रांचा गठ्ठा. त्या गठ्ठ्यातच ते रजिस्टर पाकीट न फोडता पडले असणार. त्यांचा चेहरा उतरला, आणि त्यापाठोपाठ त्यांना रागही आला.

"गुरुजी, मी दोन मिनिटांवर राहतो. मला रजिस्टरनं पत्र? पत्र काय, कुणीही कुणालाही पाठवतं. आपण दारावरून गेलात, आत आला नाहीत!"

"पण सही होती ना? मग मिटलं होतं," गुरुजी म्हणाले.

मांडवाच्या खांबावर घाव पडत होते. गुरुजींनी विचारले, "मला एक सांग. त्या गुरुवारी नववं पत्र वाचलंस, तेव्हा तुला कुणाची आठवण झाली?"

हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता.

"बाईंची," ते खालच्या आवाजात म्हणाले. "लगेच झाली. वाटलं, चला, बरं झालं. मग म्हटलं, वहीत जाईलच."

गुरुजींनी पोचपावती बाजूला ठेवली.

"अरे, पत्र टाकलं तेव्हा तू लग्नाला यावंस म्हणून मी ते टाकलं नव्हतं. तू आला नाहीस तर दोष माझ्यावर येऊ नये, म्हणून सही घेऊन ठेवली होती. तुझी वही हेच काम करते. ते वाईट काम नव्हे, कचेरीला ते लागतं, वही चालू ठेव. पण कळवणं ते नव्हे. अक्षत द्यायला म्हातारा माणूस काठी टेकत का जातो? दारात उभं राहिलं की समोरच्याचं तोंड दिसतं. त्यानं ऐकलं का, त्याला यायचंय का, येण्यात काही अडचण आहे का, ते तोंडावर दिसतं. तुला चारशे घरं हिंडायची नाहीत. नऊ दारं आहेत, तीही एकाच ओसरीवर. अकरा पत्रांतलं नववं कुणाचं, हे त्या शाळेत एकट्या तुला ठाऊक होतं. आणि तूच बोलला नाहीस."

मग ते म्हणाले, "तुझ्या फाटकावरून पुढे जाताना माझा पाय उचलत नव्हता. पण तुझं काय चुकलं ते नुसतं तोंडानं सांगितलं असतं, तर तू तेही वहीत उतरवून घेतलं असतंस."

त्यांनी आतून अक्षतांची वाटी मागवली आणि शिष्याच्या हातावर अक्षत ठेवली. मुख्याध्यापक वाकले ते बराच वेळ वर उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते तिसरीच्या वर्गात गेले. नलवडे बाई डबा उघडत होत्या.

"बाई, ते पत्र वाचताना मला तुमची आठवण झाली होती. तरी मी आलो नाही. चूक माझी आहे. सहीची नाही, माझी."

बाईंनी डबा बंद केला. "अभ्यासक्रम गेला त्याचं दुःख आहेच, सर," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी तुम्ही वही फिरवून माझ्याच सहीवर बोट ठेवलंत, ते फार लागलं. चोर पकडल्यासारखं."

बदलीचा अर्ज मागे घेते असे बाई म्हणाल्या नाहीत. मात्र पुढे त्याची आठवणही त्यांनी करून दिली नाही, आणि तो तसाच पडून राहिला.

त्या दिवसापासून वही फिरण्याआधी मुख्याध्यापक फिरू लागले. ज्याची सूचना त्याच्या दारात जाऊन, शिकवणे थांबेपर्यंत उभे राहून, ते दोन वाक्यांत सांगत. सुरुवातीला शिक्षकांना वाटले, सर तपासणीला येतात. महिन्याभरात ती भीती गेली. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींची वहीत सहीच नसे, म्हणून त्यांना आजवर कुणी काही कळवलेच नव्हते. स्वयंपाकिणींसाठीच्या आरोग्य तपासणीची तारीख सांगायला मुख्याध्यापक चुलीपाशी गेले, तेव्हा त्या घाबरून उठून उभ्या राहिल्या.

वर्ष उलटले आणि पुण्याच्या त्या संस्थेचे पत्र पुन्हा आले. मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचले. दुसरीला नुकत्याच आलेल्या तांबोळी बाई तरुण होत्या, हुशार होत्या, आणि ती न ऐकू येणारी मुलगी चौथीत गेली असली तरी तिच्याशी बोलता यावे म्हणून नलवडे बाईंकडून खुणा शिकत होत्या. पत्र कुणाचे हे उघड होते. तरी ते आधी तिसरीच्या दारात जाऊन उभे राहिले.

बाईंनी हिशोब फळ्यावर अर्धा टाकून पत्र घेतले. शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.

"सर, माझं वय गेलं."

"ठाऊक आहे, बाई. पण हे दुसऱ्या कुणाकडून तुम्हाला कळू नये, असं वाटलं."

बाईंनी पदराने डोळे टिपले, लपवले नाहीत. पत्र पुन्हा वाचले आणि विचारले, "शेवटची तारीख शुक्रवार ना?"

"हो, शुक्रवार."

"मग जरा माझा वर्ग बघा," असे म्हणून त्यांनी खडू मुख्याध्यापकांच्या हातात दिला आणि पत्र घेऊन त्या ओसरीवरून भराभर दुसरीच्या वर्गाकडे गेल्या. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज ऐकू आला, "तांबोळी बाई, हातातलं ठेवा आधी. तुमच्यासाठी आलंय."

मुख्याध्यापक फळ्याकडे वळले आणि मुलांना त्यांनी विचारले, "हं, बाई कुठपर्यंत आल्या होत्या?"