रॅकेटचं वजन

टेनिससारख्याच पॅडल या खेळाच्या आमच्या क्लबच्या संघात आक्रमक खेळाडूची एकच जागा उरली होती. शर्वाणी मुळ्ये त्यासाठी जोरकस फटक्यांची, डोक्याकडे, म्हणजे वरच्या टोकाला, जड असलेली रॅकेट घेऊन निवडीला आली. अध्यक्ष इंगवलेसाहेबांना मात्र तिथे आपला पुतण्या हवा होता.

ते हसले. “अगं पोरी, असली रॅकेट पेलायला वजन लागतं. क्लबात माझं वजन विचार कुणालाही!”

“माहीत आहे, साहेब. पण रॅकेटचं वजन डोक्यात असतं, म्हणून फटका बसतो. तेच खुर्चीत असलं, तर नुसती खुर्ची करकरते.”

पाच जणांच्या निवड समितीत मीही होतो. एरवी मतासाठी हात वर करताना मी दहादा कचरतो. त्या दिवशी शर्वाणीसाठी पहिला हात माझा होता. मागोमाग आणखी तीन वर गेले.