मोराच्या चोचीपुढचा थेंब

फार वर्षांपूर्वी म्हणजे नेमकं कधी, ते मला विचारू नका. पळसवाहीच्या नदीवर तेव्हा पूल नव्हता, एवढं धरून चला. पावसाळ्यात नदी फुगली की डॉक्टर पलीकडे, औषधं पलीकडे आणि गाव अलीकडे. अशा त्या गावच्या दवाखान्यात सगुणाबाई नावाची नर्स होती. रक्ताच्या बाटल्या मिळत नाहीत तर नाहीत, तिने म्हटलं, माणसं तर आहेत ना! कुणाचं रक्त कुणाला चालतं, तेवढं आधी कळायला हवं.

मग तिने घरोघरी जाऊन बोटं टोचली. ती पांढऱ्या बशीतल्या थेंबावर वाकली की झाडावरचे पोपटसुद्धा गप्प बसायचे, असं म्हणतात. कुणी म्हणतं, तिला नुसत्या पावलांच्या आवाजावरून रक्ताचा गट कळायचा. कळत असेलही बाई! पण थेंब बघितल्याशिवाय तिने कुणाला रक्त चढवलं नाही, हे मात्र खरं.

आता गट लक्षात कोण ठेवणार? आमच्या माणसांना स्वतःच्या लग्नाचं साल आठवत नाही! तेव्हा गोंदणारी रुखमा पुढे आली. दर वेळी सुया उकळायच्या, या बोलीवर सगुणाबाईने तिला काम दिलं. ए गटाला तुळस, बी गटाला मोर, दोन्ही असतील त्याला तुळशीवर बसलेला मोर आणि ओ गटाला विहीर. सगळं गाव बाह्या सारून मिरवायला लागलं.

एकटा हैबती कोरा राहिला. एरवी वाघाच्या मागे धावणारा गडी, पण बोट टोचायच्या दिवशी चिंचेवर चढून बसला तो थेट जेवायलाच उतरला. पुढे त्याचं लग्न झालं चंद्राशी. तिच्या हातावर मोर. आणि काय ते प्रेम हो, बायका तोंडाला पदर लावून हसायच्या! एकदा चंद्रा म्हणाली, “सगळ्यांच्या हातावर काहीतरी आहे, तुमचाच हात भुंडा.” झालं! जत्रेत हैबतीने रुखमाला गाठलं आणि बायकोसारखा तस्सा मोर काढून घेतला. एका टोचणीला भ्यालेला माणूस बायकोच्या पायी शंभर टोचण्या हसत सोसून आला. रुखमाला वाटलं, बाईंनी तपासलं असेल. आणि बाईंना पत्ताच नाही.

त्याच पावसाळ्यात लाकूड फोडताना कुऱ्हाड निसटली आणि हैबतीच्या मांडीत घुसली. दवाखान्यात आणेपर्यंत त्याचे ओठ पांढरे पडले होते. नदी दोन्ही थडी भरून वाहत होती. सगुणाबाईने जखम आवळून बांधली, पण रक्त फार गेलं होतं. कुणीतरी त्याची बाही वर सारली, तर मोर! चंद्राने लगेच हात पुढे केला.

“बाई, माझं घ्या. मोराला मोर. लवकर घ्या!”

“थेंब बघू,” सगुणाबाई म्हणाली.

“अहो, माणूस चाललाय!” लोक ओरडले. “मोर दिसतोय ना ढळढळीत? बशी कसली धुताय!”

 तरी सगुणाबाईने हैबतीच्या रक्तावरचं पिवळसर पाणी बशीत घेतलं, त्यात चंद्राच्या रक्ताचा थेंब सोडला आणि बशी हळूहळू फिरवली. तेवढा वेळ नदीसुद्धा थांबली होती, असं म्हणतात. बघता बघता नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या.

“बघा,” ती म्हणाली, “हेच त्याच्या अंगात झालं असतं. आपणच मारला असता त्याला.”

चंद्राने बशीत डोकावून बघितलं. “म्हणजे आमचं जमत नाही, बाई?”

“संसाराला जमतं गं वेडे. रक्ताला नाही.”

गट तपासला, तर हैबती निघाला तुळस. आणि जवळ तुळस कोण उभी? खुद्द रुखमा! तिचाही थेंब बघितला, तो कुंकवाच्या पाण्यासारखा एकजीव राहिला. मग रुखमा शेजारच्या खाटेवर आडवी झाली. रक्त देता देता तिने हैबतीला अशा शिव्या घातल्या, अशा शिव्या घातल्या, की तो रक्तापेक्षा शिव्यांनीच शुद्धीवर आला, असं म्हणतात. डोळे उघडून पहिलं काय बोलला? “चंद्रे, मोर पुसू नका म्हणावं!”

आता गोंदण पुसतंय कुठे! रुखमा म्हणाली, शेजारी तुळस काढते.

“नको गं,” सगुणाबाई म्हणाली, “मग लोक त्याला दोन्हीचा समजतील. चोचीपुढे नुसतं एक टिंब दे. चित्र दिसलं तरी थेंब बघायचा, हे बघणाऱ्याला आठवेल.”

त्या एका टिंबाला हैबती एवढा बोंबलला की पैलतीरावर ऐकू गेलं.

सगुणाबाईला जाऊन जमाना झाला. आभाळातला चंद्र म्हणजे तिचीच बशी, धुऊन पालथी घातलेली, असं म्हणतात. आता पूल झाला, तालुक्याला रक्तपेढी झाली. तरी आमच्या जत्रेत गोंदणारी आधी टिंब काढते, मग त्याच्यामागे मोर. आणि पळसवाहीचा माणूस कुठल्याही इस्पितळात असो, बाटली लावायच्या आधी विचारणारच, “थेंब बघितला का?” तालुक्याच्या नर्सबाया हसून म्हणतात, “बघितला हो मोरवाले, बघितला!”

तुम्हीही हसताय? मग हा माझ्या हातावरचा मोर बघा. हैबती आणि चंद्रा माझे आजोबा-आजी. त्या कुऱ्हाडीच्या पुढच्या वर्षी माझी आई जन्मली, तेव्हा नाव ठेवायच्या आधी सगुणाबाईने तिची टाच टोचली. निघाली काय? तुळशीवरचा मोर!

“बघ चंद्रे,” सगुणाबाई म्हणाली, “जमलं की नाही?”