मुक्या घंटेची कहाणी

ऐका मारियाबाई, दुःखितांच्या आई, तुमची कहाणी. आणि तुम्हीही ऐका गं बायांनो. क्रुसापुढची प्रार्थना झाली म्हणून लगेच वाटायच्या चण्यांच्या परातीकडे डोळे नकोत. चणे कुठे पळून जात नाहीत.

आटपाट नगर होतं. नगराला खाडी होती, खाडीच्या तोंडावर किल्ला होता, किल्ल्यात राजाचा किल्लेदार होता. भरती आली की किल्ल्याची वाट पाण्याखाली जाई, ओहोटी लागली की मोकळी होई. अलीकडच्या काठाला नारळी-केळीची एक वाडी होती. वाडीत क्रुसाला मानणारी माणसं राहत. त्यांतलं एक घर बस्त्यावचं. घरात म्हातारी आय, दोन पोरं आणि बायको रेमेदी. पिढ्यान् पिढ्या तिथलीच माणसं. त्याच मातीत त्यांच्या नाळा पुरलेल्या, त्याच मातीत त्यांची हाडं.

चैत्र लागला. ऊन मी म्हणायला लागलं. वाडीतल्या विहिरी मचूळ झाल्या, डबकी आटली. गोडं पाणी उरलं ते एकट्या किल्ल्याच्या विहिरीत. रेमेदी घागर घेऊन गेली. मग किल्लेदार आडवा आला. म्हणाला, "तुमचा देव परमुलखातून आला. खाडीत चाचे येतात, तेही परमुलखातून येतात. तुमचा काय भरवसा? आजपासून विहिरीला शिवायचं नाही. आणि तुमचा देव मरणातून उठतो तो पास्काचा सण झाला की वाडी रिकामी करायची. राजाचा हुकूम आलाय."

रेमेदी तशीच मागे फिरली. रिकामी घागर घेऊन घरी आली, सासूला सांगितलं. सासू म्हणाली, "अगं, माझ्या सासऱ्यानं त्या किल्ल्याचे दगड वाहिले. पाठ मोडली त्यांची. आणि आम्ही परके? जीभ झडली कशी नाही मेल्याची!" मग म्हातारी रडली, पोरं रडली, बस्त्याव ओटीवर डोकं धरून बसला. बसून काय होणार? पोरांना तहान लागलेली. रेमेदीनं चुंबळ डोक्यावर घेतली आणि डोंगरच्या झऱ्याची वाट धरली.

पाणी घेऊन परतताना खाडीकाठच्या क्रुसाशी एक म्हातारी बसलेली दिसली. अंगावर निळं लुगडं, पाय धुळीनं भरलेले. म्हणाली, "बाई, घसा सुकला." रेमेदीनं घागर वाकवली. म्हातारी पोटभर प्याली. मग विचारलं, "रडतेस का?" रेमेदीनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "वसा घे."

"आजी, वसा कसला? काय करावं?"

"उपासाचे चाळीस दिवस चालू आहेत. रोज झऱ्याचं पाणी आणावं. पहिली घागर इथे क्रुसाशी ठेवावी, दुसरी घरी न्यावी. जो येईल त्याला पाजावं. नाव विचारू नये, गाव विचारू नये, जात विचारू नये. सांजेला गुडघे टेकून तीन मागणी मागावी. एक घरासाठी, एक गावासाठी, एक देशासाठी. शेवटी देवळाची घंटा मुकी होते, तेव्हा लाकडाचा खटखटा घेऊन दारोदार फिरावं, माणसांना प्रार्थनेला बोलवावं. पण तू उतशील, मातशील, कंटाळून वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही," रेमेदी म्हणाली. म्हातारी उठली आणि चालू लागली.

मग रेमेदी रोज दोन खेपा घाली. पाय भाजत, मान दुखे. बस्त्याव चिडे. "घरची पोरं तहानेली आणि पहिली घागर वाटसराला? बाई, डोकं ठिकाणावर आहे का?" रेमेदी ऐकून घेई आणि दुसऱ्या खेपेला निघे. आणि गंमत बघा बायांनो, क्रुसाशी पाणी प्यायला येई कोण? किल्ल्याचेच शिपाई! विहिरीवर हिला हाकलायचे आणि ओहोटीला इकडे आले की हिचंच पाणी घटाघटा प्यायचे. मिशा पुसायचे आणि खाली मान घालून जायचे. लाज त्यांनाही होती, पण पोटासाठी नोकरी होती.

सांजेला घर गुडघ्यांवर बसे. घरासाठी सगळे मागत, गावासाठी सगळे मागत. देशासाठी मागायची वेळ आली की बस्त्याव तोंड मिटून घेई. एक दिवस भडकलाच. "जो देश आपल्याला हाकलतोय, त्याच्यासाठी काय मागायचं?"

रेमेदी म्हणाली, "हाकलतोय किल्लेदार. देश काय त्याच्या बापाचा आहे?"

 पण बस्त्यावनं मागणं काही मागितलं नाही.

असं करता करता पवित्र आठवडा आला. गुरुवारी देवळाची घंटा मुकी झाली. तुम्हाला ठाऊकच आहे, देवाच्या मरणाचे दिवस, त्यात पास्कापर्यंत घंटा वाजत नाही. घराघरांतले लाकडी खटखटे निघाले. रेमेदी आपला खटखटा घेऊन दारोदार फिरली, पोरं मागून वाजवत हिंडली. किल्लेदार पलीकडून ओरडला, "बंद करा ती कटकट!" त्याची दुपारची झोप मोडत होती ना!

पवित्र शुक्रवार उजाडला. वाडी उपाशी होती, चुली थंड होत्या. दुपारी सगळी माणसं देवळात दुःखाच्या प्रार्थनेला गेली. रेमेदी तेवढी घागर घेऊन क्रुसाशी आली, पाणी ठेवावं आणि मग देवळात जावं म्हणून. घागर ठेवली, पदरानं घाम पुसला, खाडीकडे पाहिलं. तर काय! भरतीच्या पाण्यावर तीन गलबतं येत होती. शिडं उतरवलेली, वरून नारळाच्या झावळ्या पसरलेल्या, झावळ्यांखाली माणसं आडवी पडलेली. उन्हात तलवारींची पाती लखलखत होती.

रेमेदीनं ओळखलं, चाचे! किल्ल्याकडे बघते तर दरवाजा वाऱ्यासाठी सताड उघडा, शिपाई सावलीत पेंगलेले. वाट पाण्याखाली गेलेली. तिनं हाका मारल्या. एकदा मारली, दोनदा मारली, तीनदा मारली. उपाशी घसा, समोरून वारा. कुणी हललं नाही.

मग ती देवळाकडे धावली. दारात घंटा वाजवणारा सांतानकाका उभा होता. "काका, घंटा वाजवा! चाचे आले!" काका म्हणाला, "पोरी, घंटेची जीभ फडक्यानं बांधलीय, दोर काढून ठेवलाय. वर चढून सोडवेस्तोवर ते किल्ल्यात शिरतील." मग त्याला कळलं. "अगं, म्हणूनच आज आले ते! घंटा मुकी आहे हे त्यांना ठाऊक आहे."

हे ऐकून बस्त्याव बाहेर आला.  म्हणाला, "रेमेदी, किल्ला पडला तर ठपका आपल्यावरच. म्हणतील, ह्यांनीच दिवस सांगितला." मग खालच्या आवाजात म्हणाला, "पोरांना घे, डोंगरात पळू. नाहीतरी परवा जायचंच आहे."

 रेमेदीनं पोरांकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही पळा. मी नाही पळायची. पळालं की परकं झालं. घंटा मुकी आहे, लाकूड नाही." आणि कंबरेचा खटखटा काढून तिनं जोरात फिरवला.

खट खट खट! सासूनं आपला खटखटा काढला. खट खट खट! देवळातून बाया निघाल्या, बाप्ये निघाले, पोरं निघाली. ज्याच्याकडे खटखटा नव्हता त्यानं बाकाची फळी उचलली. सगळी वाडी काठावर धावली. मग पलीकडच्या कोळीवाड्यानं ऐकलं. कोळ्यांनी वल्ही होडीच्या काठावर बडवली. सुतारांनी ऐकलं, त्यांनी हातोडे बडवले. दोन्ही काठ खडखडायला लागले. झाडावरचे कावळे उडाले.

किल्लेदार धडपडत उठला. "पुन्हा ती कटकट! बघतोच एकेकाला!" म्हणून तटावर आला. खाली पाहतो तर गलबतं दारात. मेल्याची झोप अशी उडाली म्हणता! शिपाई धावले, दरवाजा लोटला, अडसर घातला. तोफा धडाडल्या. चाचे माघारी वळले. वळतात तोवर कोळ्यांनी खाडीच्या तोंडाशी होड्या आडव्या लावल्या, जाळी टाकली. आणि बस्त्याव? तो सगळ्यांच्या पुढे, गळ्याइतक्या पाण्यात, जाळं धरून उभा! "देशासाठी!" म्हणून ओरडत होता. इतक्या दिवसांचं राहिलेलं मागणं त्यानं एका दमात मागून घेतलं.

मग ओहोटी लागली. गलबतं चिखलात रुतली. चाचे खाली उतरले ते मांडीपर्यंत फसले. एकेकाला ओढून काढलं आणि बांधलं. आपला एकही माणूस गेला नाही.

पास्काच्या सकाळी घंटा मोकळी झाली. काय वाजली म्हणता! तेवढ्यात राजाची पालखी वाडीत आली. राजा म्हणाला, "ती बाई कुठे आहे?" रेमेदी पुढे आली. राजा म्हणाला, "सोनं घे." रेमेदी म्हणाली, "नको." राजा म्हणाला, "जमीन घे." रेमेदी म्हणाली, "नको." मग राजा हसून म्हणाला, "बरं बाई, हुकूम मागे घेतला. वाडीत सुखानं राहा."

रेमेदी म्हणाली, "महाराज, 'राहा' म्हणू नका. राहा पाहुण्याला म्हणतात. आम्ही घरचे."

 बस्त्यावनं मागून तिचा पदर ओढला. किल्लेदार जमिनीकडे बघत राहिला. राजा पालखीतून खाली उतरला. पायांतले जोडे काढले. त्या मातीवर अनवाणी उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "चुकलं माझं. तुम्ही होता, म्हणून मी राहिलो."

मग वाडीनं असा जयजयकार केला की घंटेचा आवाज बुडाला. किल्ल्याची विहीर सगळ्यांना खुली झाली. बस्त्याव दरवाजाचा नाईक झाला. किल्लेदार वाडीत आला आणि रेमेदीच्या सासूच्या पायांशी वाकला. म्हातारीनं त्याला खालून वर न्याहाळलं. म्हणाली, "बैस. उपास सुटलाय आमचा. जेवून जा." आणि पहिलं पान त्याला वाढलं.

जशी निळ्या लुगड्यातली मारियाबाई रेमेदीला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. ज्याला परका म्हणून हिणवलं, त्याला घरचं पान मिळो. ज्यानं हिणवलं, त्यालाही मिळो. आपलं घर, आपलं गाव, आपला देश सुखी राहो. साठां उत्तरांची ही कहाणी पाचां उत्तरीं, देवाच्या नावानं सुफळ झाली. म्हणा बायांनो, आमेन.