कोरडं कणीस

नाल्याकाठच्या एका ज्वारीच्या रानात फार पूर्वी उंदरांची वस्ती होती. तिथला एक रिवाज होता. पुरात ज्याचं बीळ बुडेल, त्याला बाकीच्यांनी एकेक कणीस द्यायचं. त्यामुळे सगळे नाल्यालगतच्या भुसभुशीत मातीतच बिळं उकरत. बुडालं तरी कणसं ठरलेलीच होती.

चिमी उंदरीचं बीळ तीनदा बुडालं. तिन्ही वेळा कणसं मिळाली, पण तिसऱ्या पुरात तिचं पिल्लू वाहून गेलं. मग ती वर बांधाच्या मुरमात नवं बीळ खणायला लागली. तिची नखं झिजली.

खालून म्हातारा उंदीर हसला. "चिमे, कशाला एवढी मरतेस? बुडालं तर आम्ही आहोत की!"

त्या वर्षी पूर मोठा आला आणि खालची सगळीच बिळं बुडाली. जो तो शेजाऱ्याकडे कणीस मागू लागला, पण शेजाऱ्याचंही धान्य वाहून गेलेलं. शेवटी सगळे बांधावर चढले. चिमीने प्रत्येकाला एकेक कणीस दिलं.

म्हाताऱ्याने आपलं कणीस हुंगलं. "चिमे, इथली माती फार कडक आहे का गं?"

"आहे, आजोबा. म्हणून तर कणीस कोरडं आहे."