तराजू धरलेली देवी

दोन हजार वर्षांपूर्वी तेर गावच्या बाजारात रोमचा एक व्यापारी आला आणि नागिला कोष्टिणीने वर्षभर खपून विणलेलं तलम कापड त्याने सगळंच्या सगळं मागितलं. पुढ्यात चांदीची नाणी ओतली. झिजलेली, कडा कातरलेली, म्हणजे चांदी कमी भरणारी. बाईने तराजू काढला, तसा तो खवळला.

"नाणी मोजून घ्यायची, तोलून नाही! यावर आमच्या सम्राटाचा चेहरा आहे. तोलणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. आमच्याकडे याला फटके बसतात!"

बाजारातले बाकीचे कोष्टी नागिलेला 'घेऊन टाक' असं खुणावू लागले. हा रुसून गेला तर उद्या कापड घेणार कोण? तरी तिने एक नाणं उचलून उलटं केलं.

"शेठ, ही मागे हातात तराजू धरून कोण उभी आहे?"

"ती आमची न्यायदेवता," तो ऐटीत म्हणाला.

"म्हणजे तुमच्या सम्राटानेच नाण्यासोबत तराजू धाडलाय. आणि तुम्ही म्हणता, तोलू नको. मग त्याचा अपमान कोण करतंय? फटके कुणाला?"

व्यापाऱ्याने नाण्यावरच्या देवीकडे बघितलं, ओतलेली नाणी गोळा केली आणि कमरेची दुसरी, कोऱ्या नाण्यांची थैली सोडली.