मोकळ्या रस्त्यावरच्या टापा

"…आणि भ्यायचं तिनं सोडलंच असेल, तर मग शिकवायचं राहिलं काय, बाबा?"

अमरगीर बाबा आपल्या घोड्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

विचारणारा होता उदेसिंग गिरासे. मठाच्या शेजारच्याच गावातला. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या घोडे, अंगात रग, आणि बुडाखाली कस्तुरी नावाची काळीभोर घोडी. तिच्यासारखी घोडी आसपास कुणाकडे नव्हती, आणि हे उदेसिंग कुणाला विसरू देत नसे.

बाबा त्या मठाचे गोसावी. एके काळी त्यांनी कित्येक घोडे वळणाला लावले, कित्येक स्वार घडवले. आता मठात एकच घोडा उरला होता. गुलाब त्याचं नाव. म्हातारा, आणि दोन्ही डोळ्यांनी आंधळा.

दत्ताच्या यात्रेला कस्तुरीवर बसून जायचं, असा उदेसिंगचा हट्ट होता. बाकीचे लोक घोडे टेम्पोत चढवून आणत. त्यांना तो स्वार समजतच नव्हता. पण जुनी गाडीवाट केव्हाच बुजली होती. यात्रा भरे तो नदीकाठ गाठायचा तर मोठ्या रस्त्याच्या कडेनंच जायला हवं, आणि हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या ट्रकांची रीघ लागलेली असे. बाबांनी हो म्हटल्याशिवाय निघणार नाही, असा शब्द वडिलांनी त्याच्याकडून घेतला होता.

म्हणून तो आला होता, आणि काय काय केलं ते सांगत होता. चालू ट्रॅक्टरशेजारी तिला बांधून ठेवली. कानाशी हॉर्न वाजवले. रस्त्याच्या कडेला उभी करून ट्रकांचा वारा अंगावर घ्यायला लावला. जरा बिचकली की लगाम खेचला. आता गाडी घासून गेली तरी तिची पापणी लवत नव्हती.

"हलत नाही?" बाबांनी विचारलं.

"जागची हलत नाही."

बाबा घोडीकडे बघत राहिले.

मग म्हणाले, "चल. पुलापर्यंत जाऊन येऊ."

दिवस कलला होता. पुढे गुलाबवर बाबा, मागे उदेसिंग. दोघं डाव्या कडेच्या साइडपट्टीवरून चालले होते.

मागून ट्रकचा आवाज आला की आंधळ्या गुलाबचा कान वळे, कातडी थरथरे, आणि तो आपला आपण साइडपट्टी सोडून खाली मातीत उतरे. ट्रक गेला की पुन्हा वर येई. बाबा त्याला काही सांगत नव्हते. लगाम नुसता मानेवर पडलेला होता.

कस्तुरी मात्र प्रत्येक वेळी दगडासारखी उभी राही. एका ट्रकवाल्यानं मान बाहेर काढून तिच्याकडे कौतुकानं पाहिलंही. उदेसिंगची छाती फुगली. त्याच्या मनात आलं, बाबा आता थकले. भित्र्या घोड्यावर बसून त्यांनाही भीतीची सवय झाली.

पूल दिसायच्या आधी धूर लागला.

कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं. पिवळट धूर रस्त्यावर आडवा पसरला होता, आणि त्यात मावळतीचा सूर्य तांबड्या डागासारखा दिसत होता. मागून येणारी वाहनं बंद झाली. पुढूनही काही येईना. शेतातल्या जाळाचा तडतडाट व्हायला हवा होता, तोसुद्धा होत नव्हता.

गुलाब थांबला.

त्याचं सगळं अंग कापत होतं. तो साइडपट्टीवरून उतरला, मातीतून पुढे गेला, आणि पार बांधाला टेकून मान खाली घालून उभा राहिला.

बाबा त्याच्या पाठीवरून उतरले. "खाली ये," ते म्हणाले.

उदेसिंगनं मागे पाहिलं. पुढे जेवढं दिसत होतं तेवढं पाहिलं. रस्ता मोकळा होता.

"काही येत नाहीये, बाबा."

"खाली ये. तिलाही घे."

आवाज चढलेला नव्हता. पण उदेसिंगला का कोण जाणे, नाही म्हणवेना. तो उतरला आणि त्यानं लगाम ओढला.

कस्तुरी हलली नाही.

त्यानं चुचकारलं, पुन्हा ओढलं, मग तिच्या छातीला खांदा लावून रेटलं. घोडी शांतपणे समोर बघत उभी. हे त्यानंच तिला शिकवलं होतं, मोठ्या मेहनतीनं.

बाबा वर आले. त्यांनी खांद्यावरचं भगवं उपरणं काढलं आणि घोडीच्या दोन्ही डोळ्यांवर टाकलं.

कस्तुरीनं एक मोठा श्वास घेतला… आणि बाबांच्या हातामागून पाऊल पाऊल खाली उतरली.

तेवढ्यात मागून टापा ऐकू आल्या.

नाल डांबरावर वाजत होते. एकसारखी, सुरेख दुडकी चाल. अशी चाल बसवायला स्वाराच्या मांडीत काय लागतं, ते उदेसिंगला ठाऊक होतं. टापा जवळ आल्या. घामेजलेल्या घोड्याचा आणि तेल दिलेल्या खोगिराचा वास आला. रस्त्यावर कुणी नव्हतं. फक्त धूर घोडेस्वाराच्या उंचीएवढा दुभंगला, आणि मागे पुन्हा मिटला.

बाबा मान खाली घालून उभे होते.

टापा पुढे गेल्या. चाल कुठे अडखळली नाही, मंदावली नाही. पुढच्या धुरात शिरल्या… आणि एका टापेनंतर दुसरी पडलीच नाही.

त्याच जागेतून ट्रक बाहेर आला.

उलट्या बाजूनं, दिवे न लावता, उसानं लादलेला. त्याची चाकं साइडपट्टीवर होती. कस्तुरी मघाशी जिथं उभी होती तिथून तो गेला. बाहेर लोंबणारा ऊस उदेसिंगच्या फेट्याला फटकारून गेला. ड्रायव्हरनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्याला कुणी दिसलंच नव्हतं.

उदेसिंग धावत पुढे गेला. धूर विरळ झाला होता. रस्त्यावर उसाची चार कांडकी पडली होती. घोडा नव्हता, माणूस नव्हता, काही घडल्याची खूण नव्हती.

तो परत आला तेव्हा उपरण्याखाली कस्तुरी थरथरत होती. मान, पाठ, पाय, सगळं. उदेसिंगनं तिला दटावलं नाही. तिच्या गळ्याला मिठी मारून तो तिचं कापणं थांबायची वाट बघत राहिला.

परतताना दोघं शेतांतून चालत आले, घोडे हाताशी धरून.

त्या साली कस्तुरी यात्रेला टेम्पोतून गेली. यात्रेतल्या घोडेबाजारात ओळखीचे लोक हसले, काहींनी तोंडावर विचारलंही. उदेसिंगनं उत्तर दिलं नाही. यात्रेनंतर तो रोज तिला कच्च्या वाटेवर नेऊ लागला. ती बिचकली की लगाम सोडायला शिकला. घोडी हळूहळू आवाज आला की मातीत उतरू लागली. हे व्हायला उन्हाळा उजाडला.

तो मठात येई, गुलाबला चारा घाली, बाबांच्या पायाशी बसे. एक प्रश्न ओठावर येई, आणि तो गिळून टाकी.

एका संध्याकाळी मात्र त्याला राहवेना.

"बाबा… त्या दिवशी धुरात कोण गेलं?"

बाबा गुलाबच्या अयाळीत अडकलेली काडी काढत होते. ती निघाली. त्यांनी ती खाली टाकली. मग मोठ्या रस्त्याच्या दिशेनं पाहिलं.

"त्याच्याही घोड्यानं भ्यायचं सोडलं होतं. तुझ्याहून चांगला स्वार होता."