त्रिंबकरावांची टेकडी

एका गावात नरसू नावाचा एक भोळा माणूस होता. चित्र काढायला हात सोन्याचा, डोकं कायम सुट्टीवर. संस्थानचे मोजणीदार त्रिंबकराव यांना डोळ्यांनी कमी दिसू लागलं होतं. दरबारात हे कळलं तर नोकरी जाणार, म्हणून त्यांनी नकाशा काढायला गुपचूप नरसूला नेलं. नेलं तेही कुठे, तर वाळवंटातल्या घळींत, जिथे कावळासुद्धा फिरकत नाही. सोबत एक गाढव आणि त्याच्यावर पाण्याच्या दोन पखाली.

त्रिंबकरावांनी सांगितलं, पाणी दिसेल तिथे निळा ठिपका दे.

चौथ्या दिवशी पखाली तळाला गेल्या, पण नकाशावर अकरा ठिपके. त्रिंबकराव खूश. अर्धा दिवस उन्हात चालत जवळचा ठिपका गाठला, तर कोरडी वाळू.

"पाणी कुठंय रे?"

"इथंच होतं, रावसाहेब. तुमच्या तांब्यात."

पुढच्या ठिपक्यावर गाढव मुतलं होतं. तिथे ते गेले नाहीत. जे जागचं हलत नाही तेवढंच नकाशात दाखवायचं, हलेल ते खोडायचं, असं त्रिंबकरावांनी बजावलं.

नरसूने सगळे ठिपके खोडले. दुपारी गाढव बसलं, ओढूनही उठेना. नरसूने तिथे टेकाड काढलं. संध्याकाळी ते उठलं, नरसूने टेकाड खोडलं.

सकाळी पाणी संपलं. अकरा ठिपक्यांत एखादा तरी झरा होता का, असं त्रिंबकरावांनी विचारलं.

"होता की. पण वाहत होता. खोडला."

"कुठे होता तो?"

"नकाशात बघून सांगतो," म्हणत नरसू नकाशा बघू लागला.

त्रिंबकराव मटकन खाली बसले आणि पोरासारखे रडले. "मी आता इथून हलत नाही," ते म्हणाले. नरसूने पेन्सिल उचलली.

तेवढ्यात कुठेतरी गेलेलं गाढव ओल्या तोंडाने परत आलं. दोघे त्याच्या मागे गेले, झरा सापडला, जीव वाचला. पोटभर पाणी पिऊन त्रिंबकरावांनी झऱ्याचा ठिपका अंदाजाने स्वतः दिला, आणि यापुढे नकाशाला बोटसुद्धा लावायचं नाही असं नरसूला दरडावलं. नरसूने लावलं नाही.

नकाशा दरबारात गेला. दिवाणसाहेबांनी रेघांची फार तारीफ केली. मग एका जागी बोट ठेवून ते म्हणाले, "ही त्रिंबकरावांची टेकडी. हिची उंची लिहायची राहिली."

त्रिंबकरावांनी कागद नाकाला लावला. त्यांना काहीच दिसेना. शेवटी नरसूच पुढे झाला.

"बसल्यावर तीन फूट, सरकार. पाणी प्यायल्यावर साडेपाच."